जुनं टीएचएफ, जुनं ईथर: तपासण्याआधी ठरवायची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) केमिस्ट म्हणून नव्याने लागलेल्या एकांनी कपाट आवरायला घेतलं. मागच्या रांगेत टीएचएफची (टेट्राहायड्रोफ्युरान, ईथर जातीचा सॉल्व्हंट) अडीच लिटरची बाटली निघाली, निम्म्याहून कमी भरलेली, उघडल्याची तारीख नाही. तिच्या शेजारी डायआयसोप्रोपिल ईथरची अर्ध्या लिटरची बाटली, आणि तिच्या झाकणाच्या कडेला पांढरट थर. वरिष्ठ म्हणाले, "टीएचएफ डिस्टिल करून वापर, दुसरी सिंकमध्ये ओतून मोकळा हो." प्रश्नकर्त्यांना विचारायचंय ते असं: पेरॉक्साइडची (जुन्या ईथरमध्ये तयार होणाऱ्या स्फोटक संयुगांची) टेस्ट लॅबमध्येच कशी करायची, आणि तोवर दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर चालतील का?

तातडीचं आधी सांगते. दोन्ही बाटल्या आहेत तिथेच राहू द्या. उचलू नका, झाकण कितपत घट्ट आहे ते बघू नका, पांढरा थर टिश्यूने पुसायला जाऊ नका. मागच्या बाटल्यांना वाट करायची म्हणून पुढच्या सरकवू नका. कपाटासमोर दोरी बांधा, मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा आणि सफाईच्या मावशींना, रात्रपाळीच्या लोकांना तोंडी सांगा. चिठ्ठ्या आपल्याकडे कुणी वाचत नाही.

आता मूळ मुद्दा. टेस्ट कशी करायची हे तुम्ही विचारलंत, पण टेस्ट करायची तर बाटली उघडावी लागते, आणि पेरॉक्साइड धरलेल्या बाटलीचं सगळ्यात धोक्याचं काम झाकण फिरवणं हेच असतं. झाकणाच्या आट्यांमध्ये सॉल्व्हंट चढतो, तिथे उडून जातो आणि जे उडत नाही ते तिथेच वाळत राहतं. त्या वाळलेल्या थरावर आटे घासले की तेवढं घर्षण पुरतं. म्हणून "टेस्ट कशी करू" याच्या आधी "ही बाटली उघडण्याच्या लायकीची आहे का" हे ठरवायचं असतं. ते टेस्टच्या स्ट्रिपवर (रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर) कळत नाही, बाटलीच्या इतिहासावरून कळतं. खेड, चिपळूण, महाड या पट्ट्यात मी आधी क्यूसीत आणि मग सुरक्षा विभागात बरीच वर्षं काढली. या विषयात रसायनशास्त्रापेक्षा स्टोअरचं रजिस्टर मला जास्त उपयोगी पडलंय.

ईथर जातीच्या रेणूंमध्ये ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होतं. उजेड आणि उष्णता याला हातभार लावतात. एकदा सुरुवात झाली की विरजणासारखं होतं: तयार झालेलं थोडंसं पेरॉक्साइड पुढचं तयार करायला मदत करतं. म्हणूनच जुन्या बाटलीत तळाशी उरलेल्या सॉल्व्हंटवर नवा ओतायचा नाही. हे थांबवायला कंपन्या बीएचटी नावाचा इनहिबिटर घालतात. टीएचएफमध्ये बहुधा २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भाग) आसपास. पण तो खर्च होत जातो. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, आणि बीएचटी तितका लवकर संपतो.

या कुळातलं सगळ्यात वाईट अपत्य म्हणजे डायआयसोप्रोपिल ईथर. त्याच्यात तो हायड्रोजन तृतीयक कार्बनवर असतो, त्यामुळे फारच सहज निघतो, आणि तयार होणारी पेरॉक्साइडं स्फटिक होऊन खाली बसू शकतात. टीएचएफ किंवा साध्या ईथरचा (डायइथिल ईथरचा) धोका मुख्यतः ते आटवल्यावर उभा राहतो. डायआयसोप्रोपिल ईथर मात्र न आटवताही, नुसतं पडून राहून, स्फोटक होऊ शकतं. म्हणून ते तीन महिन्यांहून जास्त ठेवू नये असा बहुतेक ठिकाणचा नियम आहे, बाटली उघडलेली असो वा नसो.

तो पांढरा थर पेरॉक्साइडचाच असेल का? सांगता येत नाही. इनहिबिटर वाळूनही पांढरं दिसतं, शेजारी एखादं आम्ल आणि अमोनिया ठेवला असेल तर क्षारही धरतात. पण ओळखायला खरवडावं लागेल, आणि खरवडायचं नाही. त्यामुळे डायआयसोप्रोपिल ईथर, वय माहीत नाही, झाकणाभोवती पांढरं, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या लेखी विषय संपला. ही बाटली तुम्ही उघडायची नाही, तुमच्या वरिष्ठांनीही नाही आणि मीही नाही. ती स्फोटक समजून हाताळणाऱ्या प्रशिक्षित लोकांचंच ते काम. घातक कचरा उचलणाऱ्या काही संस्थांकडे अशी सोय असते. ती नसेल तर कारखान्याच्या व्यवस्थापकांनी जिल्हा पोलिसांमार्फत बॉम्बशोधक व नाशक पथकाशी बोलावं. हे ऐकून लोक हसतात, "एका अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी पोलीस?" म्हणतात. हसू द्या.

नवीन माणसाला हे वर सांगणं अवघड जातं, ते मला कळतं. वरिष्ठांशी वाद घालू नका. व्यवस्थापक आणि सुरक्षा अधिकारी दोघांना एकच छोटा ईमेल करा: कोणती बाटली, कुठे आहे, झाकणावर काय दिसतंय, आणि बाटली न हलवता दुरून झूम करून काढलेला एक फोटो. साहेबांनी काय सांगितलं ते त्यात लिहू नका, वस्तुस्थिती पुरते. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने जिवाला तातडीचा धोका वाटत असेल तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला दिला. हा हक्क वापरायची वेळ सहसा येत नाही. तारीख-वेळ असलेला ईमेल गेला की बाटली आपोआप सगळ्यांना दिसू लागते.

आता टीएचएफची बाटली. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून जरा तपशिलात जाते.

आधी लेबल वाचा, बाटलीला हात न लावता. बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख दिसली तर स्टोअरमध्ये माल आल्याची नोंद शोधा. मग ग्रेड पाहा. एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) ग्रेड असेल तर त्यात बहुतेक वेळा इनहिबिटर नसतो, कारण बीएचटी यूव्ही (अतिनील) प्रकाश शोषतो आणि यंत्राच्या आलेखाची बेसलाइन बिघडवतो. म्हणजे लॅबमधलं सगळ्यात महागडं आणि 'शुद्ध' टीएचएफच सगळ्यात लवकर पेरॉक्साइड धरतं. क्यूसीत नेमकं हेच जास्त असतं. त्यानंतर बाटली कुठे उभी होती ते पाहा. खिडकीजवळ? सिमेंटच्या पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये, जिथे एप्रिल-मेमध्ये दुपारी उभं राहवत नाही? लोक दमट हवेला दोष देतात, पण दमटपणाने पेरॉक्साइड होत नाही. आपल्याकडचा उन्हाळा आणि अर्धी रिकामी बाटली हे खरे कारण. शेवटचं म्हणजे ती शेवटची कधी वापरली गेली. एखादं काम मध्येच बंद पडलं असेल, माणूस सोडून गेला असेल, तर बाटली मागे राहते. २०२० च्या टाळेबंदीनंतर मी जी कपाटं तपासली त्यांत अशा मार्चमध्ये उघडून तशाच राहिलेल्या बाटल्या सर्रास होत्या.

मग नजरेने पाहा. बाटली जागेवरच ठेवून बाजूने टॉर्चचा उजेड टाका. तपकिरी काचेतून नीट दिसत नाही, तरी तळाशी दाट थर, धाग्यासारखं काही, गढूळपणा, कडेला स्फटिक यातलं काही आहे का ते समजतं. टीएचएफचं पेरॉक्साइड बऱ्याचदा स्फटिकाऐवजी घट्ट, तेलकट द्रवासारखं राहतं, त्यामुळे "स्फटिक नाहीत" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पातळी आठवणीपेक्षा बरीच खाली गेली असेल तर सॉल्व्हंट झाकणातून उडालाय. उरलंय ते आटलेलं आहे.

माझी स्वतःची रेघ अशी: उत्पादनाची तारीख वर्षभराच्या आतली आहे, इनहिबिटर आहे, पातळी पडलेली नाही आणि नजरेला काही दिसत नाही, तर अनुभवी माणसाने फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), काच खाली ओढून, शील्डच्या मागून ती उघडावी आणि तपासावी. यातलं एक जरी संशयास्पद असेल, किंवा तुमच्या बाटलीची तारीखच सापडत नसेल, तर तिला ईथरच्या बाटलीच्याच यादीत टाका. कुणी याहून सैल रेघ मारेल. अडीच लिटरची नवी बाटली काही हजारांत येते, त्यामुळे मला सैल रेघेचा फायदा दिसत नाही.

"डिस्टिल करून वापर" या सल्ल्यावर मात्र थांबायला हवं, कारण तो सगळीकडे ऐकू येतो आणि ऐकायला शास्त्रीय वाटतो. डिस्टिल केलं की शुद्ध होतं, हे आपण शाळेपासून शिकलोय. टीएचएफ ६६ अंशाला उकळतं. पेरॉक्साइड त्या मानाने जड, ते मागे फ्लास्कमध्ये राहतं. हिशेब करून बघा. अर्धा लिटर टीएचएफमध्ये २०० पीपीएम पेरॉक्साइड आहे, तुम्ही ते ५ मिलीपर्यंत आटवलंत, तर शंभरपट झालं: २ टक्के. अजून आटवलंत तर तळाशी उरतं ते जवळजवळ निव्वळ पेरॉक्साइड, खाली गरम बाथ, आणि समोर तुमचा चेहरा. डिस्टिलेशन करावंच लागलं तर आधी टेस्ट, आणि फ्लास्क कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. मी किमान पाचवा हिस्सा मागे ठेवायला लावते. रोटावर (सॉल्व्हंट आटवायच्या रोटरी इव्हॅपोरेटरवर) तर हे विशेष, कारण रोटा लावून माणूस चहाला जातो. टीएचएफ वाळवायला त्यात कॉस्टिक पोटॅश टाकायची जुनी सवय असेल तर तीही सोडा. पेरॉक्साइड असलेल्या टीएचएफवर त्याने स्फोट झालेले आहेत.

याची दुसरी बाजू कमी लोकांच्या लक्षात येते. बीएचटीही जड असतो, उकळणबिंदू २६५ अंशांच्या आसपास, म्हणून तोही मागेच राहतो. म्हणजे डिस्टिल केलेलं टीएचएफ स्वच्छ असतं पण उघडं पडलेलं असतं. आपल्या पट्ट्यात प्लांटमध्ये सॉल्व्हंट रिकव्हरी रोजची. एका कारखान्यात मी तपासणीला गेले होते. तिथे 'टीएचएफ रिकव्हर्ड' एवढंच लिहिलेल्या ड्रममधून आर अँड डीवाले बाटल्या भरून नेत आणि पदार्थ वेगळे करायच्या कॉलमला वापरत, मग त्यातून निघालेले भाग (फ्रॅक्शन) रोटावर आटवत. स्ट्रिप बुडवली तर गडद निळी झाली. चूक कुणा एकाची नव्हती. रिकव्हरीनंतर बीएचटी परत घालायचा, हे त्यांच्या एसओपीतच (कामाच्या लेखी पद्धतीतच) नव्हतं. तुमच्या बाटलीवर कंपनीचं मूळ लेबल असलं तरी आतला माल तोच आहे का, हे एकदा विचारून घ्या. रिकाम्या बाटलीत रिकव्हर्ड भरून ठेवण्याची पद्धत फार आहे.

आता टेस्ट, उघडायला योग्य ठरलेल्या बाटल्यांसाठी. पेरॉक्साइड स्ट्रिप सोप्या आहेत. टीएचएफमध्ये क्षणभर बुडवायची, सॉल्व्हंट उडू द्यायचा, मग डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब द्यायचा आणि डब्यावर दिलेल्या वेळेत रंग जुळवायचा. पाणी दिलं नाही तर रंग येतच नाही, आणि लोक "निगेटिव्ह" लिहून मोकळे होतात. पावसाळ्यात आपल्याकडे या स्ट्रिप लवकर खराब होतात; डबा अर्धा मिनिट उघडा राहिला तरी ओल धरतात. म्हणून महिन्यातून एकदा ताळा घ्या. मेडिकलमध्ये '२० व्हॉल्यूम' हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते साधारण ६ टक्के असतं. त्यातलं १ मिली एक लिटर पाण्यात घातलं की ६० पीपीएमच्या जवळपास जातं. त्यात स्ट्रिप रंगली नाही तर डबा फेकून द्या.

स्ट्रिप नसतील तर आयोडाइडची पद्धत: १ मिली ग्लेशियल अॅसेटिक अॅसिडमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, त्यात १ मिली सॉल्व्हंट. फिकट पिवळं म्हणजे थोडं, तपकिरी म्हणजे बरंच. सोबत ब्लँक (सॉल्व्हंट न घातलेला नमुना) हवाच, कारण आयोडाइड हवेने स्वतःच पिवळं पडतं. दोन्ही पद्धतींची एक मर्यादा लक्षात ठेवा. त्या हायड्रोपेरॉक्साइड चांगलं पकडतात. जुन्या बाटलीत तयार होणारी पुढच्या टप्प्याची, साखळीची किंवा चक्री पेरॉक्साइडं त्यांना नीट दिसत नाहीत. फार जुन्या बाटलीवरची निगेटिव्ह टेस्ट म्हणूनच मी मानत नाही.

आकडे वाचायचे कसे? २५ पीपीएमच्या खाली असेल तर नेहमीच्या कामाला चालतं. २५ ते १०० मध्ये आटवणं, डिस्टिल करणं बंद. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाच्या कॉलममधून काढून परत तपासता येतं. वापरलेली अॅल्युमिना कोरडी पडू देऊ नका, ती फेरस सल्फेटच्या पातळ आम्लयुक्त द्रावणात घाला आणि मगच कचऱ्यात द्या. १०० च्या वर गेलं की वापरायचा विचार सोडा, झाकण परत घट्ट करायच्या फंदात न पडता सुरक्षा विभागाला बोलवा. हे आकडे साधारण सर्वमान्य आहेत, पण तुमच्या कंपनीचा स्वतःचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा.

सिंकबद्दल फार बोलत नाही. प्लंबर पीव्हीसी पाइप जोडायला जे सॉल्व्हंट सिमेंट लावतो त्यात टीएचएफच असतं. पीव्हीसी त्यात विरघळतं. तुमच्या सिंकखालची लाइन कशाची आहे ते बघा. ईथर पाण्यावर तरंगतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती ड्रेनमधून पुढच्या खोलीच्या मोरीत निघते. आणि लोट्याचं सांडपाणी शेवटी दाभोळच्या खाडीला मिळतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. तपासून सुरक्षित ठरलेला टाकाऊ सॉल्व्हंट हॅलोजन (क्लोरिनसारखे) नसलेल्या सॉल्व्हंटच्या ड्रममध्ये, त्यावर टेस्टची तारीख आणि आकडा लिहून. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो आवारात ९० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही.

हातमोज्यांचं एक सांगायला हवं: निळे नायट्राइल टीएचएफपुढे काही मिनिटंही टिकत नाहीत. शिंतोडा उडाला की बदला. जास्त वेळचं काम असेल तर लॅमिनेट थराचे मागवा. आणि वीज गेली की काम बंद. एक्झॉस्ट थांबतो, चिलर थांबतो, फ्लास्कमधला सॉल्व्हंट मात्र उकळायचा थांबत नाही. साधं ईथर तर ३५ अंशाच्या आतच उकळतं. मेमधल्या दुपारी चिपळूणला खोलीचं तापमानच तेवढं असतं. तेव्हा ईथरची नवी बाटली उघडायची ती सकाळी, गार करून.

यापुढे तुमच्या कपाटात ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक बाटलीवर तीन तारखा: आली कधी, उघडली कधी, तपासली कधी. मार्करने लिहू नका; टीएचएफचा एक ओघळ आला की मार्कर पुसला जातो. शिसपेन्सिलीने लिहा, ग्रॅफाइट सॉल्व्हंटला दाद देत नाही, वरून रुंद चिकटपट्टी. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकडे मी पाहिलेल्या कपाटांत बाटल्या शाबूत होत्या, लेबलं चिखलात गेली होती, आणि कुठल्या बाटलीत काय हे सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून मी बाटलीच्या मानेला अॅल्युमिनियमची पट्टी बांधायला लावते, नंबर ठोकून. नंबरचं रजिस्टर वरच्या मजल्यावर. टीएचएफ उघडल्यापासून सहा महिने, इनहिबिटर नसलेलं काही दिवसांतच संपवायचं, आणि मागवतानाच अडीच लिटरऐवजी अर्ध्या लिटरच्या बाटल्या मागवायच्या. खरेदी विभाग दर लिटरमागे भाव दाखवून कुरकुर करतो. त्यांना जुनी बाटली विल्हेवाटीला पाठवायचा खर्च दाखवा. जाता जाता आयपीएकडेही एक नजर टाका. वर्षानुवर्षं अर्धी पडून राहिलेली आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटलीही पेरॉक्साइड धरते, आणि तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

राहिला फ्रिज. नको. थंडीने पेरॉक्साइड होणं मंदावतं, थांबत नाही, आणि आत तयार झालेलं गारव्याने वेगळं होऊन घट्ट बसू शकतं. शिवाय बाटली तिथवर न्यायची म्हणजे उचलायची. लॅबमधला फ्रिज बहुतेक ठिकाणी घरगुतीच असतो. त्याचा थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच आतच ठिणगी पाडतात, आणि टीएचएफचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) उणे १४ अंशांच्या आसपास, साध्या ईथरचा उणे ४५. तुमच्या फ्रिजमध्ये आधीच कुणी ईथर ठेवलेलं असेल आणि दार उघडताच वास आला, तर दार तसंच उघडं सोडा आणि लोकांना बाहेर काढा. फ्रिजचा प्लग ओढू नका, बोर्डावरचं बटणही दाबू नका. वीज खोलीबाहेरच्या मुख्य पॅनेलवरून बंद करायला सांगा.